मागच्या रांगेचे चेहरे

स्टुलावरून पडून फोटोशेठचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, तेव्हा सगळी गल्ली हळहळली. त्यांच्या बायकोला, म्हणजे गल्लीच्या वहिनींना, मात्र वेगळीच काळजी लागली. नर्सिंग शाळेचा वार्षिक फोटो परवावर आला होता, आणि मेट्रनबाईंनी गेल्याच वर्षी बजावलं होतं, "पुढच्या वर्षीही मागची रांग धूसर आली, तर त्यापुढचा फोटो दुसऱ्या स्टुडिओत."

आता फोटोशेठ काही अडाणी नव्हते. फक्त हट्टी होते. हौसेनं मोठ्या तोंडाची लेन्स घेतल्यापासून तिचं भोक त्यांनी कधी लहान केलंच नाही. "एवढी मोठी लेन्स काय मिटून ठेवायला आणलीय?" हा त्यांचा सिद्धांत. नवरीचा एकटीचा फोटो असला की काम फत्ते. चेहरा आरशासारखा, मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. पण साठ नर्सा चार रांगांत उभ्या राहिल्या की पुढचीच्या पापण्या मोजून घ्याव्यात आणि मागची म्हणजे वाफेतून पाहिलेली माणसं. मग स्टुडिओच्या आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून वहिनी त्या वाफेला नाकडोळे काढून देत. वीस वर्षं. एकदा तर एकीच्या भुवया दुसरीला गेल्या आणि दोघींनाही पत्ता लागला नाही, इतक्या दोघी धूसर.

वहिनींना लांबचं दिसत नाही. चष्मा काउंटरवर विसरून त्या बसस्टॉपवर गेल्या की डोळे इतके बारीक करून बसचा नंबर वाचतात की अनोळखी माणसाला वाटावं, बाई भांडायला निघाल्यात. पण नंबर वाचतात, आणि बरोबर वाचतात. त्या संध्याकाळी त्यांच्या डोक्यात तेच घोळत होतं.

"अहो, डोळा बारीक केला की लांबचं स्पष्ट होतं. मग लेन्सचं भोक बारीक केलं तर?"

"अंधार येतो. शिकवू नकोस मला."

"शिकवत नाही. बसा इथं खुर्चीवर."

शेठला पुढे बसवलं, मागे चार बरण्या एकामागे एक मांडल्या आणि कॅमेरा तिवईवर चढवला. लेन्सच्या कड्यावर दोनचा आकडा लावला, भोक सताड उघडं. शेठ लख्ख, बरण्या गायब. पाचावर दोन बरण्या आल्या. अकरावर चौथ्या बरणीवरचं लेबलसुद्धा वाचता आलं. आकडा मोठा तसं भोक लहान, हा उलटा कारभार त्यांनी संसारात बराच पाहिला होता, त्यामुळे चटकन पचला. फोटो काळा आला, हे मात्र शेठचं खरं निघालं.

"बघ, म्हटलं नव्हतं?" शेठ खूश झाले.

"म्हटलं होतं. आता उजेडाला आत यायला थोडा जास्त वेळ देते. हलू नका."

पुढचा फोटो छान उजळ आला. बरण्या जागच्या जागी. फक्त शेठच्या तोंडाच्या जागी एक पुसट डाग होता, कारण शेठ बोलत होते.

"अहो, बरण्यांना जमतंय," वहिनी म्हणाल्या.

परवा सकाळी शाळेच्या पायऱ्यांवर साठ जणी उभ्या राहिल्या. शेवटच्या रांगेतली सगळ्यांत उंच मुलगी, जिला सगळ्या 'खांब' म्हणत, तिनं आधीच हात टेकले. "वहिनी, माझा चेहरा तुम्ही मागाहून काढालच. जरा गोरा काढा."

"या वर्षी जो आहे तोच मिळेल," वहिनी म्हणाल्या. अकरावर भोक, कॅमेरा तिवईवर, फोकस पहिलीवर न धरता दुसऱ्या रांगेवर. "तीन म्हटलं की श्वास धरायचा. जी हलेल तिचं तिनं बघावं." साठ जणींनी श्वास धरला. मेट्रनबाईंनीही धरला. पहिल्या दोन फोटोंत कुणीतरी शिंकलं, कुणीतरी हसलं. तिसऱ्याला पान हललं नाही.

मोठा फोटो छापून शाळेतल्या टेबलावर पसरला, तेव्हा मेट्रनबाईंनी भिंग काढलं आणि मुद्दाम मागून सुरुवात केली. शेवटची रांग, डावीकडून. एकेक नाव मोठ्यानं घेत गेल्या. पंधराच्या पंधरा ओळखू आल्या. खांबाच्या गालावरची खळीसुद्धा. मग भिंग आणखी मागे सरकलं, पहिल्या मजल्याच्या खिडकीत, आणि थांबलं.

"हे आपले हेडक्लार्क ना? कामाच्या वेळेत मिशा कातरतायत?"

"मी काही काढलं नाही हो," वहिनी म्हणाल्या. "आहे ते आलंय."

मेट्रनबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "पुढच्या वर्षी तुम्हीच यायचं. शेठचा हात बरा झाला तरी."

वहिनी स्टुडिओत परतल्या तेव्हा खांब आणि तिच्या रांगेतल्या सहा जणी काउंटरपाशी गर्दी करून उभ्या होत्या. प्रत्येकीला आईला पाठवायला स्वतःची प्रत हवी होती. शेठ डाव्या हातानं नावं लिहून घेत होते, अक्षर कोंबडीच्या पायासारखं.

"फोटो काढणाऱ्या बाई कुठायत?" एकीनं विचारलं.

शेठनं मान वर केली, दारात उभ्या बायकोकडे बघितलं आणि उठून आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.