न हरवलेल्या डब्या

बस स्थानकाच्या सात नंबरच्या खिडकीवर ‘हरवले-सापडले’ अशी पाटी होती आणि तिच्यामागे सव्वीस वर्षं एकच गृहस्थ बसत होते. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. स्थानकात सगळे त्यांना पावतीराव म्हणत, कारण पावती फाडल्याशिवाय त्यांनी कधी कुणाची छत्रीसुद्धा आत घेतली नव्हती आणि सही घेतल्याशिवाय बाहेर सोडली नव्हती. एकदा एक प्रवासी बसमध्ये विसरलेली कवळी न्यायला आला, तर पावतीरावांनी ती तिथल्या तिथे धुऊन आणायला लावली आणि तोंडात बसवून दाखवायला सांगितली. बसली. मगच सही.

घरी मात्र उलटा कारभार. गावभरच्या हरवलेल्या वस्तू सांभाळणाऱ्या या माणसाला स्वतःचा चष्मा, किल्ली, पायमोजा यांतलं काहीएक सापडत नसे. “अगं, माझा...” एवढ्यावरच आतून बायकोचा आवाज येई, “इथेच तर आहे!” आणि तो खरोखर तिथेच असे. बायको शाळेत ग्रंथपाल होती. चुकीच्या कप्प्यात घुसलेलं पुस्तक तिला दारातूनच दिसायचं.

तर झालं असं, की स्थानकाची झाडलोट करायला एक नव्या मावशी आल्या. आधीच्या बाईंना बाकाखालचा कचरा दिसत नसे. या मावशींना बाकाच्या पोटाला चिकटलेलंही दिसे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी लोहचुंबक लावलेली एक पत्र्याची डबी आणून खिडकीत ठेवली.

“साहेब, कुणाची तरी पडली असेल.”

“बाकाला खालून चिकटून कशी पडेल?”

“ते तुम्ही लिहा. मी फक्त झाडते.”

पावतीरावांनी डबी उघडली आणि नोंदवहीत लिहिलं: ‘डबी, पत्र्याची, एक. आत पेन्सिलीचा तुकडा, एक. बेडूक, प्लास्टिकचा, एक, डोळे, एक. कागदाची सुरळी, एक. तिच्यावर चौदा इसमांच्या सह्या. कारण समजत नाही.’

सह्या तरी कसल्या! अक्कलदाढ. तळमजला. उलटा मोजा. प्रत्येकापुढे तारीख आणि वर ‘सापडली! आभार!’ ते वाचून पावतीरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी बूट काढता काढता ते बायकोला म्हणाले, “चौदा जणांना सापडली, आणि एकानेही जमा केली नाही! वर सह्या ठोकून गेलेत. काही लाजलज्जा?”

पुढच्या चार महिन्यांत मावशींनी अशा आणखी आठ डब्या आणल्या. एक पाइपच्या तोंडातून, एक वेळापत्रकाच्या फळीमागून, एक तर खोट्या दगडाच्या पोटातून. पावतीरावांनी एकूण नऊ पावत्या फाडल्या आणि डब्यांसाठी एक वेगळा कप्पा रिकामा केला. मनातून त्यांची खात्री पटत चालली होती, की ही कसली तरी टोळी आहे. फक्त टोळीला एकडोळा बेडूक कशाला लागतो, एवढं काही त्यांना उमगेना.

मग एका दुपारी खिडकीत एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पांढरा कोट तसाच अंगात, त्याच्या खिशातून दातांच्या डॉक्टरांचा तो छोटा आरसा डोकावत होता.

“काका, तुमच्याकडे एक हिरवी डबी आली आहे का? झाकणावर दाढेचं चित्र आहे.”

पावतीरावांनी मान न उचलता फॉर्म पुढे सरकवला. “कुठे हरवली, कधी हरवली, ते लिहा.”

“हरवली नाही हो. मीच ठेवली होती. तिसऱ्या फलाटावरच्या पाइपात.”

“हरवली नाही, तर इथे कशी आली?”

“कुणीतरी आणून दिली म्हणून.”

“म्हणजे तुमच्याकडून हरवली.”

“माझ्याकडून नाही! ती जागेवर होती. जागेवरून नेली.”

“मग चोरीची तक्रार समोर, पोलीस चौकीत. इथे फक्त हरवलेलं मिळतं.”

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग दिवसाला वीस घाबरलेल्या माणसांना तोंड उघडायला लावणाऱ्या बाईंच्या चिकाटीने त्यांनी पहिल्यापासून समजावून सांगितलं. याला जिओकॅशिंग म्हणतात. जगभर लोकांना हा छंद आहे. एकाने कुठेतरी डबी लपवायची आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे. बाकीच्यांनी फोन घेऊन ती हुडकायची, आतल्या कागदावर आपल्या टोपणनावाने सही करायची आणि डबी होती तशी परत ठेवायची.

“परत ठेवायची?” पावतीराव म्हणाले. “नेत काहीच नाहीत?”

“फारतर बेडूक. पण मग त्याच्या जागी दुसरं काहीतरी ठेवायचं.”

“मग शोधतात कशाला?”

“सापडावी म्हणून!”

हरवलेली वस्तू हातात पडल्यावर माणसाचा चेहरा कसा उजळतो, ते पावतीरावांनी सव्वीस वर्षं खिडकीतून पाहिलं होतं. या लोकांनी तर काही न हरवताच तो आनंद मिळवायची सोय करून ठेवली होती. त्यांना ती थोडी लबाडीच वाटली. थोडा हेवाही वाटला, पण ते त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

“अक्कलदाढ तुम्हीच का?” त्यांनी विचारलं.

“मीच.”

“सही जुळवून बघावी लागेल.”

सही जुळली. ‘कुठे हरवली’च्या रकान्यात बाईंनी ‘हरवली नाही’ असं ठसठशीत लिहिलं, ‘कधी हरवली’च्या रकान्यात ‘कधीच नाही’. पावतीरावांना रात्रभर झोप लागू नये असा तो फॉर्म होता, पण त्यांनी तो घेतला. बाकीच्या आठ डब्या द्यायला मात्र साफ नकार. ज्याची त्याने न्यावी.

त्या आठवड्यात सात नंबरच्या खिडकीपुढे कधी नव्हे ती रांग लागली. उलटा मोजा म्हणजे एक गंभीर चेहऱ्याच्या हिशेबनीस बाई निघाल्या. तळमजला हा लिफ्ट दुरुस्त करणारा आडदांड गडी, हातात पान्यांची पिशवी. पत्र्याची डबी त्याची होती, पहिली सहीही त्याचीच.

“आत काय होतं?” पावतीराव.

“बेडूक.”

“डोळे किती?”

“दोन.”

“एक आहे.”

“ठेवला तेव्हा दोन होते!”

“नोंदीत एक आहे. दोन डोळ्यांचा बेडूक माझ्याकडे जमा नाही.”

मागे रांगेत कुजबुज सुरू झाली. तळमजल्याच्या मानेच्या शिरा टरारल्या. त्याने डबी मागितली, ती देता येत नव्हती. शेवटी पावतीरावांनी स्वतः चिमट्याने सुरळी बाहेर काढली, उलगडली, झटकली, आणि तिच्या अगदी आतल्या वेटोळ्यातून एक काळा मणी टुणकन टेबलावर पडला. रांगेत टाळ्या वाजल्या. पावतीरावांनी जुनी नोंद खोडली नाही, खाली लिहिलं: ‘दुरुस्ती. डोळा दुसरा, सुट्टा, सापडला.’ आपण स्वतः काहीतरी शोधून काढल्याची ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. दिवसभर ते उगाचच खुशीत होते.

रांग बघायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी जाताना हळूच सांगून टाकलं, की त्यांच्या वेबसाइटवर गेले चार महिने या स्थानकाला ‘अजगर’ म्हणतात. जे येतं ते गिळतो. पावतीरावांच्या हे फार जिव्हारी लागलं. ज्याच्याकडून आजवर एक छत्री गहाळ झाली नाही, तो अजगर? मग त्यांनी ठरवून टाकलं, की रविवारी या लोकांची भेट असते तिथे जायचं, आणि यातली एकूणएक डबी आपल्या डोळ्यांदेखत जागेवर बसली की मगच प्रकरण बंद करायचं. बायकोही निघाली. “मला बघायचंय ही माणसं कशी दिसतात ते,” ती म्हणाली.

माणसं चांगली होती. डब्या जागच्या जागी बसल्या. यापुढे त्या झाडायच्या नाहीत, असं मावशींनीही कबूल केलं. मग कुणीतरी पावतीरावांच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, “काका, आता एक तुम्ही शोधा. पलीकडच्या बागेत आहे. एकच नियम. शोधताय हे कुणाच्या लक्षात येता कामा नये.”

हा नियम पावतीरावांना पाळता येईल असं समजणं हीच मुळात चूक होती. सरळ माणूस चोरून काही करायला लागला, की शंभर पावलांवरून कळतं. ते बाकाभोवती तीनदा फिरले. आभाळाकडे बघत शीळ घातली. मग एकदम बसकण मारून बाकाखाली मान घातली. मान बाहेर काढली, तेव्हा समोर दोन काळे बूट होते. बागेचा रखवालदार.

“काय हरवलंय?”

“काही नाही.”

“मग शोधताय काय?”

“ते मला माहीत नाही.”

“सापडल्यावर कळेल का?”

“तसं म्हणतात.”

रखवालदाराने त्यांना चौकीत नेऊन बसवलं. काम काय करता, विचारलं. ‘हरवले-सापडले विभागात आहे,’ असं पावतीरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि ही चेष्टाच आहे असा त्याचा पक्का समज झाला. प्रकरण वरपर्यंत जाणार, तेवढ्यात बायको दारात आली. हातात बोटाएवढा एक बोल्ट. तिने तो फिरवून उघडला आणि आतून सुरळी बाहेर ओढली.

“इथेच तर होती! बाकाला सहा बोल्ट गंजलेले आणि सातवा नवा कोरा. तुम्हाला दिसलं कसं नाही?”

रखवालदाराने तो बोल्ट तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला. बारा वर्षं तो त्याच बाकावर बसून डबा खात होता. “आणखी आहेत का अशा?” त्याने विचारलं, आणि उरलेली दुपार तो ड्यूटी सोडून यांच्याबरोबर झुडपं उपसत होता.

बायको त्या दिवशी हरखून गेली ती गेलीच. तिने टोपणनाव घेतलं ‘इथेच तर आहे’. महिन्याभरात तिच्या नावावर साठ डब्या झाल्या. पावतीरावांच्या नावावर चार, आणि त्यांतल्या दोन वाऱ्याने उघड्या पडलेल्या. पण त्यांचं वाईट वाटून घेणं फार टिकलं नाही, कारण त्यांना त्यांचं काम सापडलं. शोधणं जमत नसलं तरी लपवण्याआधी भरायचा जो फॉर्म असतो, तो त्यांना जमत होता. वेबसाइटवर तो तपासणारा एक माणूस असतो. त्याला कुणीच कधी पाहिलेलं नसतं. पावतीरावांनी स्थानकाच्या बाहेरच्या भिंतीतल्या एका पोकळ विटेची जागा नकाशासकट पाठवली. ती परत आली: अक्षांश-रेखांशाचे शेवटचे आकडे राहिलेत. दुरुस्त करून पाठवली. परत आली: जागेच्या मालकाची परवानगी जोडा. पावतीराव भारावून गेले. “अगं, हा सगळे रकाने वाचतो!” ते बायकोला म्हणाले. सव्वीस वर्षांत त्यांचा फॉर्म शेवटपर्यंत वाचणारा पहिला माणूस भेटला होता.

परवानगीसाठी त्यांनी रीतसर आपल्या वरिष्ठांकडे अर्ज केला. विषय: डबी लपविणेबाबत. अर्ज सात आठवडे या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. वस्तू सांभाळायच्या विभागाला वस्तू लपवायची परवानगी कोणत्या कलमाखाली द्यायची, हे कुणालाच सुचेना. शेवटी एकदाची मंजुरी आली. डबी विटेत बसली, तपासनिसाने होकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावतीराव कामावर येऊन पाहतात तो काय! मंजुरीच्या नियमाप्रमाणे स्थानकाच्या रंगाऱ्याने त्या विटेच्या बरोबर वर, हातभर लांबीची पाटी रंगवून बाण काढला होता: ‘येथे डबी लपविलेली आहे. कृपया कोणास सांगू नये. हुकुमावरून.’

पावतीरावांनी लगेच पाटी पुसायचा अर्ज लिहायला घेतला. पण त्याची शाई सुकायच्या आत डॉक्टरीणबाईंनी पाटीचा फोटो वेबसाइटवर टाकला, आणि मग काही विचारू नका. शेजारच्या शहरांतून माणसं बस पकडून यायला लागली. या डबीला अवघडपणाचे गुण सगळ्यांत कमी आणि पसंतीचे सगळ्यांत जास्त पडले. लोक पाटीपुढे उभे राहून पोट धरून हसत, मग इकडेतिकडे बघत, कुणी पाहत नाही अशी खात्री करून, वीट काढत. मावशी रोज पाटीवरची धूळ फडक्याने पुसू लागल्या. वरिष्ठांनी वार्षिक अहवालात ‘प्रवासीवाढ’ असा एक परिच्छेद घातला आणि पुसायचा अर्ज दप्तरी दाखल झाला. पावतीराव मात्र दर सोमवारी डबी उघडून सह्या वाचत, कागद भरला की नवा ठेवत, आणि जुना तारीखवार लावून ठेवत. त्यांच्याइतकी नीट सांभाळलेली डबी शहरात दुसरी नाही, असं खुद्द तपासनिसाने कळवलं. ते पत्र त्यांनी बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

आता ते दोघं दर रविवारी निघतात. बायको शोधते, ते सही करतात आणि ओळीभर तरी वर्णन लिहितात. गेल्या रविवारी ती कालव्याच्या जुन्या पुलाखाली गेली ती तास झाला तरी वर येईना. कठडा चाचपला, दगड न् दगड हलवून झाला, डबी काही मिळेना. असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

“अगं, राहू दे आता. लिहू या सापडली नाही म्हणून,” पावतीराव वरून म्हणाले. त्यांनी थर्मास उघडला होता आणि एक कप चहा ओतून घेतला होता. खरं सांगायचं तर त्यांना मनातून फार बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं लपवायला त्यांना जड जात होतं.

“तुम्ही काही लिहू नका!” खालून आवाज आला. “आणि तुम्ही हसताय. मला दिसतंय.”

“पुलाखालून कसं दिसेल?”

“पाण्यात दिसतंय.”

पावतीरावांनी तोंड फिरवलं आणि पुलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.