थोरल्याचा उजवा गाल

आमच्या सिंहसानांशी कुणाची ओळख करून दिली, की ते त्या माणसाच्या डोळ्यांत बघत नसत, गालाकडे बघत. जपानी साहेब कमरेत वाकलेले, सिंहसानही वाकलेले, पण मान तिरकी आणि नजर साहेबांच्या गालावर. त्या साहेबांनी नंतर आरशासमोर जाऊन स्वतःचं तोंड तपासलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. खोटं वाटत असेल तर सोडून द्या, पण प्रसंग चांगला आहे.

दिवसा ते माझ्याच ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचे. सुट्टीला जपानातल्या ओजिमा भागात आपल्या फ्लॅटमध्ये बसून आफ्रिकेतले जंगली सिंह ओळखायचे, म्हणून आमच्यात ते सिंहसान, म्हणजे सिंहराव. तिथले अभ्यासक कॅमेऱ्यातले फोटो पाठवत आणि सिंहसान बिनपगारी सांगत, कोणता नर कुठे दिसला, कुणाची हद्द कुठवर सरकली. सिंहाच्या गालावर मिशांच्या मुळाशी ठिपके असतात. प्रत्येकाचे वेगळे, आणि डाव्या गालाचे उजव्याहून वेगळे. "आयाळ काय बघतोस, नाटक्या? आयाळ बदलते," ते मला म्हणत. "ठिपके मोज."

भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायची सोय नाही, म्हणून जंगलाचा नकाशा फ्रिजवर. सिंहांच्या जागी रंगीत मॅग्नेट. थोरला आणि धाकटा या दोन भावांचं राज्य वरच्या दारावर, नदी दोन दारांमधल्या फटीतून. मी दूध काढायला गेलो की ओरडायचे, "हळू! हद्द हलते!"

आत दूध, लोणचं आणि कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, आणलेले भाताचे त्रिकोण, याशिवाय काही नसे. बायको आणि मुलगी चार वर्षांपूर्वी पुण्याला परतल्या होत्या, शाळेसाठी. सिंहसान हातातलं प्रोजेक्ट संपवून जाणार होते. दर मार्चला करार वाढवून घेत. "का हो?" विचारलं की म्हणत, "त्यांची घडी बसलीय आता. मध्ये मी कुठे?"

मग थोरला दिसेनासा झाला. काही महिने वाट पाहून अभ्यासकांनी कळवलं, मेला असं नोंदवू या. सिंहसान तयार होईनात. एका रविवारी दुपारी आम्ही दोघं जुने फोटो चाळत बसलो. नदीपलीकडे एक नवा नर एकटाच फिरत होता. त्याचे सगळे फोटो उजव्या बाजूचे.

"हा अगदी आमच्या हिच्यासारखा," मी म्हटलं. "कॅमेऱ्याला एकच बाजू देतो."

सिंहसानांनी झटकन जुन्या नोंदी उघडल्या. थोरल्याची त्यांनी केलेली नोंद फक्त डाव्या गालाची होती. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या या माणसाने उजवा गाल नोंदवलाच नव्हता! तीन तास शोधल्यावर एका जुन्या फोटोत मान वळवून जांभई देणारा थोरला सापडला. उजवा गाल अगदी स्वच्छ. त्यांनी ठिपके मोजले. मग मी मोजले. नदीपलीकडचा तो हाच.

मी सोफ्यावर चढून डरकाळी फोडली. शेजारच्या आजींनी भिंतीवर टकटक केली. सिंहसान मात्र मॅग्नेट हातात धरून फ्रिजसमोर उभे. राज्य राखायला धाकट्याने तोवर एका परक्या नराशी जोडी जमवली होती.

"हा आता परत गेला तर?" मी विचारलं.

"भाऊ ओळखेल की अंगावर येईल, सांगता येत नाही."

"मग जाऊच नये त्याने?"

"मेला म्हणून लिहायला निघाले होते रे त्याला," ते म्हणाले, आणि त्यांनी मॅग्नेट नदीच्या काठावर लावलं.

त्या मार्चला त्यांनी करार वाढवला नाही. विमानतळाच्या बसपाशी करायला मी झकास भाषण बसवलं होतं, हातवाऱ्यांसकट. ऐन वेळी नुसत्या त्यांच्या बॅगा चढवून दिल्या. आता ओजिमाला उतरायचं काही कारण उरलेलं नाही. रविवार ग्योतोकुतल्या माझ्या घरातच, खिडकीपाशी जातो.

पुण्याला पोचल्यावर त्यांचा मेसेज आला. "मुलीने दार उघडलं. आत वळून आजीला विचारलं, बाबा किती दिवस आहेत?"

मी जरा घाबरतच लिहिलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

उत्तर आलं.

"म्हटलं, बॅगा माळ्यावर टाकायच्यात. स्टूल कुठंय?"