लाहेतलं घर आणि नर्सिंगची सीट

"रफिकभाई, रविना पावराचं नाव आम्ही यादीतून काढतोय," सिस्टर ग्रेस व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या.

"का? काय झालं?"

"तुम्हीच बघा ना."

स्क्रीनवर एका घराचा फोटो आला आणि मी बघतच राहिलो. जाडजूड लाकडी खांब. वर नवी कौलं. बांबूच्या विणलेल्या भिंती, शेणामातीनं अशा लिंपलेल्या की हात फिरवावासा वाटावा. पुढे अख्खं कुटुंब एका ओळीत उभं, बकऱ्यांसकट. नंदुरबारातल्या माझ्या दोन खोल्या त्या घराच्या एका कोपऱ्यात मावल्या असत्या.

मी रफिक पिंजारी. वडील गावात गाद्या-रजया भरायचे, मी पोरांचे अर्ज भरतो. एका खासगी ख्रिस्ती विद्यापीठाच्या फायनान्शियल एड विभागाचा या जिल्ह्यातला काउन्सेलर. विद्यापीठ दूर आहे, रेल्वेनं जावं लागतं. फायनान्शियल एड म्हणजे फी भरायला मदत. ती दोन प्रकारची असते. एक मेरिटवर, म्हणजे मार्कांवर. दुसरी नीडवर, म्हणजे घरच्या परिस्थितीवर. मेरिटचं सोपं असतं, मार्क कागदावर छापलेले असतात. नीड मोजायची कशी, यावरच आमच्या कमिटीची डोकी पिकतात. म्हणून अर्जासोबत घराचा फोटो मागवतात. घर जितकं चांगलं, तितके पॉइंट कमी.

रविनाला बी.एस्सी. नर्सिंगला सीट मिळाली होती. प्रवेश परीक्षेत ती चांगली आली होती. घरची माणसं डोंगरावर कोरडवाहू शेती करतात आणि हंगामात मजुरीला गुजरातेत जातात, हातावर पोट. सरकारी शिष्यवृत्ती येते, पण हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, सगळ्याला ती पुरत नाही, आणि येते तेव्हा पहिलं वर्ष निम्मं सरलेलं असतं. आमचा वेव्हर, म्हणजे फीची माफी, मिळाला तर ती येणार. नाहीतर शनिवारी तिची सीट वेटिंग लिस्टवरच्या पुढच्या मुलीला जाणार आणि ही दिवाळीनंतर ऊसतोडीला. इतकं सरळ होतं.

"आणि हे वाचा," फायनान्सचे परेरा सर मध्येच बोलले. "'घर बांधण्याचा खर्च कोणी केला?' असं विचारलंय. ही लिहिते, 'गावाने'. ज्याचं घर गाव बांधून देतं तो साधा माणूस असेल का? कोणीतरी बडी असामी दिसते."

मी कपाळावर हात मारला. परेरा सर वाईट माणूस नाहीत. फक्त पावतीशिवाय त्यांचा सूर्यसुद्धा उगवत नाही.

मी रविनाला फोन लावला. तिच्या पाड्यावर रेंज नाही. निरोप ठेवला, तेव्हा दुपारी धडगावच्या बाजारातून तिचा फोन आला.

"सर, फोटो खराब आला का?"

"खराब आला असता तर बरं झालं असतं, बाई! एवढा चांगला काढायला कोणी सांगितलं होतं? लोक गोठ्याचा काढतात, गळक्या पडवीचा काढतात. तू तर लग्नाचा काढल्यासारखा काढलास!"

"पण घर चांगलंच आहे ना, सर."

"जुनं घर कुठाय? त्याचा पाठव."

"ते उतरवलं. त्याचंच लाकूड नव्यात घातलंय."

मग मी तिला आमच्या धंद्यातला सोपा उपाय सांगितला. मागच्या बाजूनं जा, चुलीकडचा कोपरा घे, धुरानं काळी झालेली भिंत दिसू दे. खोटं काही नाही, फक्त कोन बदलायचा. असे फोटो मी ढिगानं पाहिलेत.

 

"सर, तसा नाही काढणार मी," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण त्यात ढिलेपणा नव्हता. "आमच्या घराला सगळ्या पाड्यानं हात लावलाय. लाहेत बांधलंय. ते मी भिकारड्यासारखं दाखवलं तर लोक काय म्हणतील? आम्ही येऊन असं घर बांधलं का, म्हणतील."

"अगं, सीट जाईल तुझी!"

"जाऊ द्या मग," असं म्हणाली आणि लगेच घाईनं पुढे बोलली. "पण जायला नको, सर. तुम्ही सांगा ना त्यांना."

आधी डोक्यात तिडीक गेली. मग मात्र विचार केला. अठरा-एकोणीस वर्षांची पोर. तिला नर्स व्हायचं होतं, मनापासून व्हायचं होतं. आणि एका फोटोत गावाचा मान जातो म्हणून ती अडून बसली होती. माझ्या ऑफिसात मोठमोठ्या बंगल्यांतले बाप येतात आणि उत्पन्नाचा दाखला असा पुढे करतात की जणू रस्त्यावर झोपतात. मला या पोरीचा अभिमान वाटला. अजून वाटतो.

लाह म्हणजे काय ते सांगतो. सातपुड्यातल्या पाड्यांवर कोणाचं मोठं काम निघालं, घर बांधायचं, निंदणी करायची, की घरधनी हाक देतो. घरटी एक-दोन माणसं येतात. मजुरी नाही. दिवसभर काम, आणि घरधन्याकडे जेवण. उद्या दुसऱ्याचं काम निघालं की याच्या घरच्यांनी जायचं. गाव करील ते राव न करील, असं आपण म्हणतो आणि सोडून देतो. ती माणसं करतात.

हे सगळं मी पुढच्या कॉलवर सांगितलं.

"म्हणजे लेबर कॉस्ट झिरो?" परेरा सर.

"झिरो."

"पुरावा?"

"सर, ज्याला पैसेच लागले नाहीत त्याची पावती मी कुठून आणू?"

"मग मी कमिटीपुढे काय ठेवू? रफिकभाई, ही एड दान देणाऱ्यांच्या पैशांतून निघते. उद्या कोणी विचारलं तर?"

त्यांचंही चूक नव्हतं. सिस्टर ग्रेसही कॉलवर होत्या. आमच्या विभागाच्या त्या डायरेक्टर. मूळच्या केरळच्या, मराठी इथेच शिकलेल्या आणि कोणालाही 'अहो' म्हणणाऱ्या.

"अहो परेरा सर, फोटोवरून भांडण्यापेक्षा घर बघून येते," त्या म्हणाल्या. "रफिकभाई, गाडी सांगा."

डायरेक्टर स्वतः होम व्हिजिटला निघाल्याचं मी माझ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. मी रनाळ्याच्या बापूला फोन केला. त्याची जीप म्हणजे चालतं भंगार, पण घाटात तोच माणूस भरवशाचा.

"भाऊ, सिस्टर बठतीन का मन्ही गाडीमा?" तो घाबरलाच.

"बठतीन. तू फक्त सीटवरली मिरचीनी पोती काढ."

पोती निघाली, वास राहिला. नंदुरबार स्टेशनपासून शहाद्यापर्यंत सिस्टर शिंकत होत्या आणि बापू आरशात बघून "माफी करज्यात" म्हणत होता. धडगावचा घाट चढलो, पुढचा रस्ता संपला, मग पायवाट.

घर फोटोतल्यासारखंच होतं. उलट जास्त देखणं. पण घरात कोणी नाही. दाराला कुलूपही नाही. आत दोन-चार भांडी, धान्याची एक कणगी, दोरीवर टाकलेले कपडे, कोपऱ्यात रविनाची पुस्तकं. बस, एवढंच. पंखा नाही, टीव्ही नाही, खाट एकच. सिस्टर मध्यभागी उभ्या राहून वरच्या आढ्याकडे बघत राहिल्या.

"अहो, इथे पैसा कुठेच दिसत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आणि घर मात्र राजासारखं."

शेजारच्या म्हातारीनं हातानं टेकडीमागे दाखवलं. तिकडे गेलो तर सगळा पाडा एका अर्धवट घराभोवती जमलेला. पावसाआधी छप्पर झालं पाहिजे म्हणून त्या दिवशी दुसऱ्याच एका घराची लाह होती. बाप्ये आढं वर चढवत होते. बाया माती तुडवत होत्या. रविना कोपरापर्यंत मातीनं भरलेली. आम्हाला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"सर, सांगितलं असतं तर घरी थांबलो असतो! आज बाबांना जावंच लागतं इथे. आमच्या घराला हे आले होते ना."

"थांबला नाहीत तेच बरं झालं," मी म्हटलं. पुरावा पाहिजे होता ना? समोर हलत होता, घाम गाळत होता. मी मोबाइल काढून परेरा सरांसाठी व्हिडिओ घ्यायला लागलो. तेवढ्यात बघतो तर सिस्टरांनी पांढऱ्या साडीचा पदर खोचलेला आणि बायांच्या रांगेत उभं राहून मातीची घमेली पुढे देतायत. एका बाईनं माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं आणि सगळ्या हसल्या.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

रविनानं ओठ दाबले. "म्हणते, हा माणूस आजारी आहे का?"

मी निमूट मोबाइल खिशात घातला आणि घमेलं उचललं.

जेवणाच्या वेळी रविनाचे वडील, खेमादादा, आमच्यासमोर येऊन बसले. ते आपल्या पावरी बोलीत बोलत, रविना मराठीत सांगे. पहिला प्रश्न त्यांनी सरळ टाकला.

"तुमच्याकडे शिकायला आली तर पोरीला आमचे देव सोडावे लागतील का?"

रविना हे सांगताना खाली बघत होती. सिस्टर काही बोलायच्या आत मीच बोललो. "दादा, माझं नाव रफिक. तिथे नोकरी करून केस पांढरे झाले. अजून शुक्रवारी नमाजला जातो आणि पगार वेळेवर घेतो."

हशा पिकला. सिस्टरही हसल्या. "दादा, आम्हाला तिच्याकडून अभ्यास पाहिजे," त्या म्हणाल्या. "देव तिचे तिच्याजवळ राहू देत."

खेमादादांनी मान हलवली, पण चेहरा खुलला नाही. खरी अडचण पुढे निघाली. रविनाची आई मागे पडली, तेव्हापासून तिचा एक हात नीट चालत नाही. शेतातली निंदणी-कापणी बापलेकच करतात. ती गेली की शेत कोण बघणार? फी माफ होईल, पण ही हातांची तूट कोणत्या वेव्हरमध्ये बसवायची?   इतकं चढून आलो, घर पटलं, आणि गाडी इथे येऊन अडकली.

शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं भाकरी खाली ठेवली आणि काहीतरी बोलला. मग दुसरा बोलला. एक बाई तिथूनच ओरडली. रविना सांगायची थांबली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, मातीच्या हातानं पुसलं तर गाल मळले.

"काय झालं गं?" सिस्टरांनी विचारलं.

"म्हणतात, ही शिकून येईपर्यंत आमच्या शेताची निंदणी आणि कापणी लाहेत करू. दर वर्षी. म्हणतात, धडगावला पोचेपर्यंत आमच्या बाया वाटेत बाळंत होतात. पोर आमचीच नर्स होतेय ना."

  सिस्टरांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि उगाचच पुन्हा पुसला.

शुक्रवारी कमिटी बसली, मी कॉलवर होतो. आमच्याकडे फॅमिली कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे कुटुंबानं उचलायचा वाटा, हा एक मुद्दा असतोच. परेरा सरांनी विचारलं, "यांचा वाटा किती?"

"चार वर्षांची निंदणी आणि कापणी," सिस्टर म्हणाल्या. "सगळा पाडा करणार आहे. मी समोर बसून ऐकलंय. अहो, एवढा वाटा आपल्या कुठल्या पालकानं दिलाय?"

परेरा सरांनी माझा व्हिडिओ दोनदा बघितला. सिस्टरांच्या घमेल्यापाशी थांबवून पुन्हा बघितला. "सही कुठे करू?" एवढंच म्हणाले. वेव्हर मंजूर झाला आणि सीट राहिली.

रविनाला सोडायला मी कॅम्पसवर गेलो तेव्हा परेरा सरांनी तिला काउंटरवर पत्र दिलं आणि समजावलं, "ही ग्रँट आहे, लोन नाही. म्हणजे परत करायची नाही."

"कोणालाच नाही?"

"कोणालाच नाही."

ती तिथेच उभी राहिली. मागे रांग. "सर, असं कसं? तुमच्यापैकी कोणाचं काम निघालं तर मला हाक मारणार ना?"

परेरा सर माझ्याकडे बघायला लागले. पावत्यांच्या या बादशहानं पेन खाली ठेवलं. शेवटी म्हणाले, "मारू. नक्की मारू."

त्यांनी मारली नाही. अशा गोष्टी आपल्या लक्षात राहत नाहीत. पुढच्या उन्हाळ्याच्या सुटीत मी धडगावला अर्ज घ्यायला टेबल मांडून बसलो होतो. समोर पावरी बोलणारी माणसं, मला त्यातलं ओ की ठो कळेना. तेवढ्यात कोणीतरी बाजूची खुर्ची ओढली. रविना होती. पहाटे पाड्यावरून चालत निघाली होती.

"हाक कोणी मारली तुला?" मी विचारलं.

"तुम्हाला हाक मारायची सवय नाही, सर," ती म्हणाली आणि समोरच्या बाईला पावरीत बसायला सांगितलं.

आता दर उन्हाळ्यात ती येते. इतकी वर्षं एड वाटून मी एवढंच शिकलो: मदत देणं सोपं असतं, कमिटी बसली की होतं. घेणाऱ्याला ती फेडायला जागा ठेवणं आमच्या कुठल्याच नियमात नाही, आणि त्या जागेशिवाय ताठ मानेचं माणूस आपल्याकडे पाहुण्यासारखं बसून राहतं.