विश्वकर्मापूजेला बदललेलं नाव

"रीस्टार्ट करू नका!" मी फोनवर ओरडलो. "मशीनला कोणीही हात लावू नका. मी निघालोच."

मी कंपन्यांची लिनक्स मशीन, म्हणजे लिनक्स प्रणालीवर चालणारे कॉम्प्युटर, सांभाळतो. अवधपुरीहून मिसरोदच्या पुढच्या त्या वर्कशॉपला पोहोचेपर्यंत माझं डोकं फिरलेलं होतं. मशीनमुळे नाही. रेखा फोनवर म्हणाली होती, "दादा, सर म्हणतात मीच मशीन बिघडवलं. उद्यापासून येऊ नको म्हणाले. सगळ्यांसमोर."

रेखा तिथली ड्राफ्टर, कॉम्प्युटरवर पार्टची ड्रॉइंग काढणारी. नोकरी ठेक्यावरची, त्यामुळे मॅनेजर साहेबांचा एक शब्द पुरे. तिच्या मशीनवर कालपासून एका पार्टचं अ‍ॅनॅलिसिस, म्हणजे तो किती ताण सोसेल याचा हिशेब, चालू होतं. रीस्टार्ट केलं असतं तर सगळं पहिल्यापासून, आणि त्याचंही खापर तिच्याच डोक्यावर.

मशीनवर झेंडूचा हार, कीबोर्डवर कुंकू. त्या दिवशी विश्वकर्मापूजा होती. आमच्या भागात तेव्हा लेथपासून प्रिंटरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मीही नमस्कार केला आणि बसलो.

स्क्रीनवरच्या उघड्या खिडक्या नीट चालत होत्या. नवी मात्र एकही उघडेना. प्रत्येक वेळी 'कॅनॉट ओपन डिस्प्ले'.

"सकाळी मी स्क्रीन लॉक करून प्रसादाला गेले," रेखा म्हणाली. "आले तर हे असं."

तिचं टर्मिनल, म्हणजे कमांड टाकायची खिडकी, आधीपासून उघडं होतं; त्यावर मी होस्टनेम तपासलं. होस्टनेम म्हणजे मशीनचं नाव. ते 'विश्वकर्मा' निघालं. मी ठेवलेलं नाव साधं होतं, 'ड्रॉइंग-दोन'.

"सर, मशीन का नाम किसने बदला?"

"मैंने," मॅनेजर श्रीवास्तव साहेब छाती फुगवून म्हणाले. "अपने केबिन से ही कर दिया, एक कमांड में। पूजा का दिन था, शुभ रहता है। नाम से क्या बिगड़ता है?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रूटचा पासवर्ड, म्हणजे मशीनची मास्टर किल्ली, यांना हट्टाने हवा होता. कशाला, तर याला!

नावाने काय बिघडतं ते सांगतो. स्क्रीनवर खिडकी उघडायला प्रोग्रामला एक पास लागतो. तो लॉगिन करताना बनतो आणि मशीनच्या नावाने ठेवला जातो. मध्येच नाव बदललं की प्रोग्राम नव्या नावाने पास शोधतो. तो सापडत नाही आणि दार बंद. आधी उघडलेल्या खिडक्या आतच असतात, त्यांना कोणी विचारत नाही.

मी जुनं नाव परत दिलं आणि नवी खिडकी चटकन उघडली. अ‍ॅनॅलिसिस चालूच होतं.

"हो गया? चलो, सब काम पे लगो," साहेब म्हणाले.

"नहीं हुआ, सर," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची फिकीर नव्हती. "रेखा को सबके सामने डाँटा था। अब सबके सामने बोलिए कि गलती किसकी थी."

"अरे, गुस्से में निकल गया। त्योहार के दिन इतना क्या पकड़ के बैठना?" एवढं बोलून ते केबिनमध्ये गेले. गलती हा शब्द काही तोंडातून निघाला नाही.

रेखाने अ‍ॅनॅलिसिस पूर्ण होऊ दिलं, रिपोर्ट सेव्ह केला, कीबोर्डवरचं कुंकू पुसलं. "दादा, सरच म्हणाले ना, उद्यापासून येऊ नको? मग नाही येत," म्हणाली. आणि दुसऱ्या दिवसापासून खरंच कामावर गेली नाही.

आठवड्याने साहेबांचा फोन आला. "उस लड़की का काम किसी को आता नहीं है। आप समझाइए ना उसको।"

मी समजावलं नाही. ती तोवर मंडीदीपला दुसऱ्या कारखान्यात कामाला लागली होती.

मशीन अडलं की पहिला प्रश्न विचारायचा, शेवटचा बदल कोणी केला? हल्ली तो मी आधी केबिनमध्ये जाऊन विचारतो.