शेवटचे नाव येईपर्यंत

वासंतीबाई जगदाळे यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्या नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. गणिताचा शिक्षक म्हणून त्या दिवशी मी बडोद्याच्या शाळेत रुजू झालो होतो. पहिल्याच तासाला वर्गात शिरलो, तर फळ्यापाशी एक विद्यार्थिनी बोलत होती आणि मागे या बाई वही मांडीवर घेऊन ऐकत होत्या. मला त्या कोणाच्या तरी आई वाटल्या.

"आपण पालक का?" मी विचारले.

"मी इथे इतिहास-भूगोल शिकवते," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तास तुमचाच आहे. पण दोन मिनिटं थांबाल का? तिचं सांगून संपायचंय."

मी थांबलो, पण मनातून चिडून. शाळेत नव्याने आलेल्या मुलांना मधल्या सुट्टीत एकटे वाटू नये म्हणून काय करायचे, याची चर्चा चालली होती. मुले ठरवताहेत आणि शिक्षिका मागे बसून ऐकताहेत, हे मला मुळीच पटले नाही.

ते पटायला पुढे काही वर्षे गेली, आणि पटले तेही मला चांगलेच झोंबून गेल्यावर. आज बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात तीच हकिगत सांगावी असे मी ठरवले आहे. त्यांचे गुण इतर मंडळी माझ्यापेक्षा सुरेख शब्दांत मांडतील.

बाईंनी आठवी ते दहावीच्या मुलांचा एक गट केला होता. मुलांनीच त्याचे नाव 'सोबत' ठेवले होते. शाळेत कोणाला काय त्रास होतो ते पाहायचे, त्यावर काय करता येईल ते आपसात ठरवायचे आणि मोठ्यांशी बोलायचे, एवढेच त्याचे काम. मुले त्यांना वासंतीबेन म्हणत, आम्ही चार-सहा मराठी शिक्षक बाई म्हणत असू. एकदा शिक्षकांच्या खोलीत मी त्यांना विचारले, "बाई, पंधरा वर्षांच्या मुलांना यातलं काय कळतं?"

त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीची गोष्ट सांगितली. बाईंचे घराणे संस्थानच्या फौजेतले. रावपुऱ्यातल्या घरात मोठ्यांनी बोलायचे आणि लहानांनी ऐकायचे, अशी शिस्त. बहीण आठवीत नापास झाली आणि तिला शाळेतून काढले. "ताईला फळा दिसत नव्हता हो. तिला चष्मा हवा होता," बाई म्हणाल्या. "मला ते माहीत होतं. मी बारा वर्षांची होते. मला कोणी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायची माझी छाती झाली नाही."

मी ऐकले आणि वर्गावर गेलो. माझ्या वागण्यात काही फरक पडला नाही.

माझी त्या वेळची एक पद्धत होती. चाचणीचे पेपर देताना मी सर्वांत जास्त गुणांपासून सुरुवात करून नाव आणि गुण मोठ्याने वाचत असे. नाव येईल त्याने पुढे येऊन पेपर न्यायचा. यामुळे मुलांमध्ये चुरस राहते, असे माझे प्रामाणिक मत होते. नववीतली एक मुलगी दर वेळी शेवटी असे. एका चाचणीनंतर ती शाळेत येईनाशी झाली. घरून निरोप आला, ताप आहे. आठवडा गेला, दुसरा गेला. मी हजेरीत गैरहजर लिहीत राहिलो.

एके दिवशी शाळा सुटल्यावर 'सोबत'मधली तीन मुले माझ्याकडे आली. पुढे तन्वी मोहिते होती. दहावीतली, चुणचुणीत.

"सर, खोटं नका लागू देऊ," तिने सुरुवात केली. वाईट वाटून घेऊ नका, हे सांगायची ही आमच्या बडोद्याची तऱ्हा. "आम्ही तिच्या घरी जाऊन आलो. तिला ताप नाहीये. सकाळी दप्तर भरते आणि रडायला लागते."

"मग आईवडिलांनी समजवायला हवं," मी म्हणालो.

"सर, तुम्ही पेपर वाटता ना, तेव्हा शेवटचं नाव यायला अकरा मिनिटं लागतात. तिच्या वर्गातल्या या दोघांनी घड्याळ लावून पाहिलं. तिला पहिल्या मिनिटालाच माहीत असतं की आपण शेवटी. बाकीची मिनिटं ती नुसती बसून असते. सगळे मागे वळून बघतात."

माझा संताप झाला. "हे तुम्हाला कोणी पढवलं?" असे मी ओरडलो आणि दार उघडले. बाहेर बाकावर बाई बसल्या होत्या. मुलांना घरी जायला सांगून त्या माझ्याकडे वळल्या.

"मी पढवलेलं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "मुलं माझ्याकडे तुमची तक्रार घेऊन आली होती. मी म्हटलं, सरांबद्दल आहे तर सरांशीच बोला. त्यांच्या पाठीमागे नको. घाबरली होती, म्हणून बाहेर बसले."

"आणि आत का आला नाहीत?"

"आत आले असते, तर तुम्हाला मुलांदेखत माझ्यासमोर मान खाली घालावी लागली असती. मला ते नको होतं."

घरी निजामपुऱ्याला जाईपर्यंत मी रागातच होतो. जेवताना मात्र मी सहज घड्याळाकडे पाहिले आणि अकरा मिनिटे गप्प बसून राहिलो. बायकोने दोनदा विचारले, काय झाले म्हणून. अकरा मिनिटे फार असतात.

दुसऱ्या दिवशी प्रकरण मुख्याध्यापकांपर्यंत पोचले होते; त्यांनी आम्हा दोघांना बोलावले. मुलांनी शिक्षकाला जाब विचारला, हे त्यांना उद्धटपणाचे वाटले. 'सोबत' बंद करा आणि लेखी खुलासा द्या, असे त्यांनी बाईंना सुनावले. बाई म्हणाल्या, "खुलासा देते. गट बंद करायचा, तर मुलांना तुम्ही कारण सांगा. मला सांगता येणार नाही." त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळलेला मला दिसत होता. त्या निर्भय नव्हत्या, हे मला त्या दिवशी समजले. मग मीच बोललो, "साहेब, मुलं बाईंना विचारून आली होती. आवाज चढवला तो मी. आणि ती म्हणाली ते खरं आहे." मुख्याध्यापकांनी फाईल मिटली. गट राहिला.

त्या संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरी गेलो. काय बोलायचे ते मी तन्वीला विचारून घेतले होते. "अभ्यासाचं काही बोलू नका सर, फक्त सॉरी म्हणा," असे तिने बजावले होते. मी तेवढेच म्हणालो. चौथ्या दिवशी ती वर्गात येऊन बसली. पुढच्या चाचणीचे पेपर मी घडी घालून, नाव वर ठेवून, प्रत्येकाच्या बाकावर नेऊन दिले. ती काही पहिली वगैरे आली नाही. पण मधूनमधून हात वर करून "सर, ही पायरी समजली नाही" असे म्हणू लागली, आणि दहावीला गणितात सुटली.

पुढे हीच मुले मांजलपूर भागातल्या एका सोसायटीत बोलायला गेली. तिथे दहावीच्या निकालाला घरोघरचे गुण सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकत. चेअरमनकाका भले गृहस्थ होते. त्यांनी बाईंनाच विचारले, "बेन, आमां खोटुं शुं छे?" यात चूक काय, असे त्यांचे म्हणणे. बाईंनी मुलांकडे बोट दाखवले. मुलांनी तासभर गुजरातीत वाद घातला, काकांचे ऐकलेही. त्या वर्षीपासून निकालाच्या दिवशी गुण टाकणे थांबले आणि परीक्षेला बसलेल्या सगळ्या मुलांना सोसायटीच्या बागेत आइस्क्रीम मिळू लागले.

माझ्या मुलीचा बारावीचा निकाल आम्हाला हवा तसा लागला नाही, तेव्हा मी फोन बंद करून बसलो होतो. इतकी वर्षे हे सगळे पाहूनही! बाई स्कूटरवरून लीला चेवडा, आमच्याकडचा बटाट्याचा ओला चिवडा, घेऊन आल्या. गुणांबद्दल एक अक्षर न विचारता मुलीला म्हणाल्या, "तुला काय करावंसं वाटतं ते सांगशील? मला घाई नाही." मुलगी दोन तास बोलली. त्यातले निम्मे आम्ही आईबाप पहिल्यांदाच ऐकत होतो.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी बाईंची परवानगी घ्यायला गेलो. त्या म्हणाल्या, "माझी कसली घेता? त्या मुलीला विचारलंत का?" विचारले नव्हते. फोन केला. ती आता एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ती हसली आणि म्हणाली, "लिहा ना सर. नाव नका देऊ फक्त. आणि वासंतीबेनला सांगा, रविवारी मी येतेय."

बाई, साठीनंतर माणसाने विश्रांती घ्यावी, असे म्हणायचा प्रघात आहे. मी तसे म्हणणार नाही. आपल्याला ठणठणीत प्रकृती आणि खूप आयुष्य लाभो. आपले गुडघे आणि आपली स्कूटर आपल्याला साथ देवोत. आणि आपले कान असेच तल्लख राहोत, कारण बोलायची छाती न झालेली मुले अजून पुष्कळ आहेत.