एकवीस तास पंचवीस मिनिटं

बोंडअळीच्या वर्षीचा डिसेंबर. शुक्रवार, दुपारी एक वाजून पंचवीस मिनिटं. आकडा – लिहिलेले आठ, प्रत्यक्षात दोन. खोलीत हजर तिघं: आमच्या संस्थेचे मॅनेजर साहेब, नईम शेख आणि मी. त्या वेळी नेमकं काय झालं, हे तिघांपैकी एकालाच माहीत होतं – मला.

हे मी घरात कधी बोललो नाही. बायकोला नाही, मुलीलाही नाही. एका माणसाला सांगितलं, पण त्यालाही सात वर्षांनी. तुम्हाला आता सांगतो आहे. आकडे सोडून बोलायची मला सवय नाही, म्हणून आधी आकडेच सांगतो.

आमची संस्था यवतमाळची. सभासदांचा कापूस घ्यायची. कळंब, दिग्रस आणि आणखी तीन ठिकाणी केंद्रं. कोणी कोणत्या दिवशी गाडी आणायची, याचं टोकन संगणकावर निघायचं. पाचही केंद्रांचं काम यवतमाळच्या एकाच मोठ्या सर्व्हरवर चाले, आणि त्या एका सर्व्हरच्या पोटात आम्ही पाच आभासी संगणक उभे केले होते – एक हिशेबाचा, एक पगाराचा, एक गोदामाचा, एक सभासदांच्या यादीचा आणि नवा, टोकनांचा. ऑफिसात आम्ही त्यांना बिऱ्हाडं म्हणायचो. घर एक, बिऱ्हाडं पाच, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं की आपण स्वतंत्र बंगल्यात राहतो. कोणाला किती मेमरी द्यायची, ते मी ठरवायचो. कोण किती वापरतं, ते मी बघायचो. दहाला, एकला आणि चारला मी पाचही बिऱ्हाडांचे आकडे एका जाड रजिस्टरात लिहायचो. शाईने. खाडाखोड नाही.

त्या रजिस्टरचा मला अभिमान होता. अजून काय सांगू?

टोकनांचा प्रोग्राम नईमचा. नईम तेव्हा एकोणतीस वर्षांचा, दिग्रसचा, वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. संस्थेकडे वर्षाच्या करारावर. मला ‘भाऊ’ म्हणायचा. शिकलेला होता, पण त्याहून जास्त – त्याला काम आवडायचं. तुम्ही असा माणूस पाहिला असेल, जो चहा पिता पिताही टेबलावर बोटाने काहीतरी लिहीत असतो. तसा.

त्या वर्षी अळीने बोंडं पोखरली होती. जो काही स्वच्छ कापूस हाती लागला, तो लवकर विकून मोकळं व्हायची सगळ्यांना घाई. सोमवारपासून टोकनं सुरू झाली आणि सोमवारीच दहा वाजता यंत्र अडकलं. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. दहाला केंद्रं उघडली की टोकनांचं बिऱ्हाड पंधरा मिनिटांत गुडघे टेकायचं, आणि एकेक टोकन निघायला दहा-बारा मिनिटं लागायची. दिग्रसला फाटकाबाहेर गाड्या उभ्या. तिथल्या कारकुनाने फोन खिडकीकडे धरून आम्हाला ऐकवलं, कोणीतरी ओरडत होतं, “काहून जी, बोंडअळी तुमच्या कॅम्पुटरातही घुसली काय?” आणि मागे हशा.

मॅनेजर साहेब हसले नाहीत. “काय रे नईम, तुया प्रोग्रामले दहा वाजले का झोप येते काय?” असं सगळ्यांसमोर म्हणाले. नईमने मान खाली घातली. मी रजिस्टर उघडून दाखवलं – दिलेली मेमरी आठ जीबी, भरलेली आठ. म्हणजे प्रोग्राम सगळी खातो आहे. आकडा खोटा नव्हता. बिऱ्हाडाच्या आत जाऊन बघितलं तर तसंच दिसायचं.

आणि मी आतूनच बघायचो. हीच माझी पद्धत होती. मोठ्या सर्व्हरचा स्वतःचा पडदा वेगळा असतो – तिथे दिसतं की घरमालकाने खरंच काय दिलं आणि काय मागच्या दाराने परत घेतलं. तो पडदा मी महिन्यातून एकदा उघडायचो. रजिस्टरात त्याचा रकानाच नव्हता. रकाना नाही, म्हणून बघायचं नाही – हे किती सोपं असतं, नाही?

गुरुवारी दुपारी नईम माझ्या टेबलाशी आला. तीन दिवसांत नीट जेवला नव्हता, असं त्याच्या तोंडावरून दिसत होतं. म्हणाला, “भाऊ, मी सगळ्याइची बेरीज करून पाह्यली. माया प्रोग्राम न् बाकी सारं धरून दोनच्या वर जातच नाही. मंग बाकीचे सहा कोण खाऊन राह्यलं?”

मी म्हणालो, “तूच शोध. प्रोग्राम तुझा आहे.”

तो गेला. मी मात्र सर्व्हरचा पडदा उघडला. चार वाजले होते, रजिस्टरची वेळ. तिथे एका ओळीत लिहिलं होतं – टोकनांचं बिऱ्हाड, नेमून दिलेली मेमरी आठ, मर्यादा दोन. सहाच्या आसपास परत घेतलेली. सप्टेंबरमध्ये चाचणी चालू होती, तेव्हा नव्या बिऱ्हाडाने हिशेबाच्या बिऱ्हाडाला त्रास देऊ नये म्हणून मीच ती मर्यादा घातली होती. काढायची विसरलो होतो. आत आठही भरलेले दिसत होते, कारण परत घेतलेले सहा आतून वापरात असल्यासारखेच दिसतात; आतल्याला बाहेरचं काही कळत नाही. सहा कोणी खाल्ले नव्हते. ते मी दिलेच नव्हते.

एक खूण काढायची आणि ‘ठीक आहे’ दाबायचं. दहा सेकंदांचं काम.

आता इथपर्यंत तुम्ही म्हणाल, माणूस विसरतो. खरं आहे. पण विसरलो, एवढंच सांगायला मी हे लिहायला बसलो नाही. मी ती खूण काढली नाही – ते सांगायला बसलो आहे.

कारण नईमने एक बदल तयार केला होता. काहीतरी सुधारायचं म्हणून, शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास टाकायचा, असं ठरलं होतं. मी गुरुवारी चारला मर्यादा काढली असती, तर शुक्रवारी सकाळी दहाला जुनाच प्रोग्राम सुरळीत चालला असता. मग सगळ्यांनी विचारलं असतं – रातोरात बदललं काय? मी थांबलो. मुद्दाम थांबलो. शुक्रवारी सकाळी यंत्र पुन्हा अडकलं, दिग्रसच्या फाटकावर लोक पुन्हा उभे राहिले, आणि मला माहीत असताना ते उभे राहिले.

एक वाजून वीस मिनिटांनी नईमने बदल टाकला. पंचवीसला, त्याच खोलीत, साहेबांकडे पाठ करून, मी मर्यादा काढली. दोन मिनिटांत टोकनं भराभर निघू लागली. नईमच्या डोळ्यांत पाणी आलं. “भाऊ, माईच चूक होती तर,” असं म्हणाला. साहेबांनी सुस्कारा टाकला आणि मला अहवाल लिहायला सांगितलं. मी लिहिलं: प्रोग्राममध्ये दोष होता, दुरुस्तीनंतर काम सुरळीत, मेमरी दिलेली आठ. वर तोंडी पुस्ती जोडली, “पोरगा मेहनती आहे, चूक होते कधी.”

मार्चमध्ये त्या अहवालावरून त्याचा करार वाढला नाही. तो भांडला नाही. मला भेटायला पेढे घेऊन आला. म्हणाला, “मले मेमरी समजलीच नाही, भाऊ. हे आपल्या हातचं काम नोहे. पण तुमी साहेबासमोर माई इज्जत ठेवली.” आणि दिग्रसला वडिलांच्या दुकानात मोटारींना तार गुंडाळायला बसला.

पुढचं लिहायला मला जड जातं, पण ते लिहिल्याशिवाय त्याचे माझ्यावर किती उपकार आहेत ते कळणार नाही. माझी मुलगी प्राची बारावीनंतर कॉम्प्युटरला गेली आणि पहिल्याच सहामाहीत दोन विषय राहिले. नईमच्या कानावर गेलं. तो दर रविवारी सकाळच्या एसटीने यवतमाळला यायचा, तीन तास शिकवायचा, जेवून परत जायचा. वर्षभर. पैशाचं नाव काढलं की रागवायचा. शेजारच्या खोलीतून मी ऐकायचो – किती सोपं करून सांगायचा तो! आज ती पुण्याला चांगल्या नोकरीत आहे. माझ्या घरात जे काही बरं चाललं आहे, त्यातलं पुष्कळ त्या रविवारांतून आलं. मी रोज त्याचे आभार मानतो. मनात.

एकदा जेवताना प्राचीने विचारलं, “बाबा, नईम काकांनी प्रोग्रामिंग काहून सोडलं? त्यांच्याइतकं कोणालेच येत नाही.” मी भाकरी वाढ म्हणालो.

गेल्या महिन्यात मी निवृत्तीचा अर्ज दिला आणि दुरुस्त अहवाल टाइप केला. दोन प्रती. त्यात मर्यादा, ती कोणी घातली, कधी काढली, प्रोग्राम निर्दोष होता – सगळं. शनिवारी दिग्रसला गेलो. नईमने हात पुसून कागद घेतला, उभ्यानेच वाचला. दोनदा. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

तो म्हणाला, “म्हंजे माई बेरीज बराबर होती.”

“बरोबर होती.”

“एक पंचवीसले काढली म्हणता.” त्याने कागदावर बोट ठेवलं. “मी एक वीसले बदल टाकला. पाच मिनिटानं तुमी काढली. हे असं आपोआप नाही होत, भाऊ. तुमाले समजलं कधी, ते नाही लिहिलं इथं.”

ते मी लिहिलं नव्हतं. सात वर्षांनी, कबुली देतानाही, मी तेवढं गाळलं होतं. त्याने ते एका मिनिटात शोधलं – आणि यासाठीही मी त्याचा ऋणी आहे, कारण दुसऱ्या कोणी मला तसंच जाऊ दिलं असतं.

त्याने काउंटरवरचं पेन पुढे केलं. मी दोन्ही प्रतींवर हाताने लिहिलं: ‘मला समजले गुरुवारी दुपारी चार वाजता. नईम यांनी विचारल्यावरून तपासले. शुक्रवारी एक पंचवीसपर्यंत जाणूनबुजून गप्प राहिलो.’ खाली सही, पूर्ण नाव.

त्याने आपली प्रत घडी करून खिशात ठेवली. गिऱ्हाईक आलं, तसा तो कामाला लागला आणि मी बसस्टँडवर आलो.

पहिली प्रत नईम शेख, दिग्रस, यांना हातोहात दिली. दुसरी सोमवारी अकरा वाजता संस्थेत, आवक शिक्का मारून.