अंक बासष्ट

आज लेकीच्या पुस्तकांना कव्हरं घालताना ब्राऊन पेपरचा वास आला आणि आयर्लंडमधल्या डून लेरी गावातलं लॉकडाऊन आठवलं. शेजारच्या आजोबांनी तिच्यासाठी दोन्ही अंगणांमधल्या भिंतीवर जुन्या अमेरिकन कॉमिक्सचा खोका ठेवला होता. तीन दिवस मी तो मिळेल त्या उन्हात ठेवला आणि मग सवयीने एकेका अंकाला कव्हर घालायला बसले. पानं पिवळी पडलेली, कडांचा हात लावताच चुरा होत होता. चोविसाव्या अंकात गोष्ट अर्धीच राहिली होती, कारण कंपनीच बंद पडली होती. पण खाली शाळेच्या वह्या होत्या: पंचवीस, सव्वीस, थेट एकसष्टपर्यंत. प्रत्येकीवर कंपनीचं तेच बोधचिन्ह, आत रंगीत पेन्सिलींनी काढलेली पुढची गोष्ट. माझे हात थांबले. भिंतीपाशी जाऊन विचारलं, तर आजोबा मास्कमागून हसले. "कंपनी बंद झाल्याचं लहानपणी मला कोणी कळवलंच नाही. दुकानात अंक येईना, मग कोणीतरी काढायलाच हवा होता ना!" आज शेवटचं कव्हर घालून उठणार, तोच लेकीने एक वही हळूच पुढे सरकवली. वर बोधचिन्ह तेच, आकडा बासष्ट.